फटकाऱ्यांतून घडणारा चेहरा

शाळेत चित्रकलेच्या तासाला बहुतेकांनी एक सूचना हमखास ऐकलेली असते : रंग सपाट भरा, रेघेबाहेर जाऊ देऊ नका, ब्रशच्या खुणा दिसता कामा नयेत. एलिमेंटरी-इंटरमीजिएट या चित्रकला परीक्षांच्या संकल्पचित्रात तर या सफाईवरच बरंच काही अवलंबून असतं. असा तयार झालेला विद्यार्थी कधीतरी एखाद्या संग्रहालयात नामवंत चित्रकाराच्या व्यक्तिचित्रासमोर उभा राहतो आणि बुचकळ्यात पडतो. आठ-दहा फुटांवरून पाहिलं तर समोर जिवंत माणूस बसलेला. डोळ्यांत ओलावा आहे, कपाळ घामाने चकाकतंय, गालाचं हाड कातडीखाली जाणवतंय. दोन पावलं पुढे गेलं की तिथे डोळा नाहीच. एक तपकिरी पट्टा, त्याला लागून राखाडी ओढ आणि वर टेकवलेला उजळ ठिपका, एवढंच. सगळीकडे ब्रशच्या खुणा. शाळेत ज्याचे गुण गेले असते, नेमकं तेच इथे उघडउघड मांडलेलं.

हे घडतं कसं? रंगाच्या डागांचा चेहरा का होतो? कोणता डाग कुठे टाकायचा हे चित्रकाराला कसं कळतं? आणि वाशिम, रिसोड, कारंजा, मानोरा अशा ठिकाणी राहणाऱ्या एखाद्याला हे शिकायचं असेल तर सुरुवात कुठून करावी? एकेक पायरी पाहू.

चेहरा ओळखायला डोळ्याला किती लागतं?

हात समोर लांब करून अंगठ्याच्या नखाकडे पाहा. एका क्षणी आपल्याला खरोखर स्पष्ट दिसणारा भाग साधारण त्या नखाएवढाच असतो. डोळ्याच्या पडद्यावरच्या एका छोट्याशा खळग्यात स्पष्ट पाहणाऱ्या पेशी दाटीने असतात. बाकीच्या पडद्यावर येणारी प्रतिमा धूसरच असते. ते आपल्याला जाणवत नाही, कारण डोळा सेकंदाला तीन-चार वेळा उड्या मारत असतो आणि मेंदू ते तुकडे जोडून अखंड दृश्य उभं करतो.

ओळखीचा चेहरा टिपायला मात्र मेंदू स्पष्ट तपशिलाची वाट पाहत नाही. एसटी स्टँडच्या दुसऱ्या टोकाला उभा असलेला मामा आपण तिथूनच ओळखतो. तेवढ्या अंतरावरून त्याच्या पापण्या दिसत नाहीत, भुवईचे केस दिसत नाहीत. दिसतो तो कपाळाचा उजेड, डोळ्यांच्या खोबणीतला अंधार, नाकाखालची सावली आणि जबड्याचा आकार. मोठ्या उजळ-गडद भागांची ही मांडणी पुरेशी असते.

याचा चोख पुरावा १९७३ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधल्या लिऑन हार्मन यांनी लोकांसमोर ठेवला. त्यांनी अब्राहम लिंकन यांचं चित्र मोजक्या मोठ्या चौकोनांत मोडलं आणि प्रत्येक चौकोनाला एकच करडी छटा दिली. जवळून पाहिलं तर नुसत्या फरशा दिसत. डोळे किलकिले केले किंवा मागे सरकलं की लिंकन समोर येत. चौकोनांच्या तीक्ष्ण कडा हा खोटा तपशील होता आणि तोच खऱ्या मांडणीवर पडदा टाकत होता. कडा धूसर झाल्या की पडदा दूर होई.

व्यक्तिचित्रातल्या फटकाऱ्यांचंही असंच आहे. जवळ गेल्यावर प्रत्येक फटकाऱ्याची कड, त्याची जाडी, ब्रशच्या केसांच्या चऱ्या नजर खेचून घेतात. मागे सरकलं की त्या विरतात आणि उजळ-गडदाची मांडणी उरते. ती बरोबर असेल तर उरलेलं काम पाहणाऱ्याचा मेंदू आपणहून करतो. ढगांत, भिंतीच्या ओलीत चेहरे शोधणारा तो मेंदू, त्याला थोडीशीही खूण पुरते. असं चित्र पाहताना आपणही ते पूर्ण करण्यात गुंतलेले असतो, म्हणून ते इतकं जिवंत वाटतं.

रंगाच्या आधी टोन

चित्रकारांच्या बोलण्यात सारखा येणारा शब्द म्हणजे ‘टोन’. टोन म्हणजे एखादा भाग किती उजळ किंवा किती गडद आहे ते. तो लाल आहे की हिरवा, हा प्रश्न वेगळा. चेहऱ्याची घडण आपल्याला मुख्यतः टोनमधून कळते. फ्रेंच चित्रकार आंरी मातीस यांनी १९०५ मध्ये हॅट घातलेल्या आपल्या पत्नीचं चित्र केलं. त्यात चेहऱ्यावर चक्क हिरव्या रंगाचे पट्टे आहेत. तरीही तो चेहराच वाटतो, कारण हिरवा जिथे आहे तिथे तो टोन चालून जातो. उलट, त्वचेचा रंग अगदी हुबेहूब मिसळला आणि टोन चुकला तर चेहरा सपाट पडतो.

टोन पाहण्याचं साधन फुकट आहे : डोळे किलकिले करणं. पापण्या अर्ध्या मिटल्या की डोळ्यांत जाणारा उजेड कमी होतो, बारीकसारीक तपशील गळून पडतो आणि तीन-चार मोठे भाग उरतात. उजेडातला भाग, मधला भाग, सावलीतला भाग. सुरुवातीला या तीनच टोनांत चेहरा बसवायचा.

इथे शिकणाऱ्याची गाठ आपल्याच पूर्वग्रहाशी पडते. डोळ्याचा पांढरा भाग पांढरा असतो, हे आपल्याला ‘माहीत’ असतं. म्हणून हात पांढऱ्या रंगाकडे जातो आणि चित्रातला माणूस डोळे वटारून बसतो. खरं तर तो भाग भुवई आणि वरच्या पापणीच्या सावलीत असतो. वरून उजेड येत असेल तर तो कित्येकदा कपाळापेक्षाही गडद असतो.

पांढऱ्या टोपीचंही तेच. उन्हातान्हात काम केलेल्या एखाद्या आजोबांना ओसरीवर दाराकडे तोंड थोडं वळवून बसवा आणि टोपी नीट पाहा. दाराच्या बाजूची घडी उजळ आणि किंचित पिवळसर आहे. मागची बाजू निळसर करडी आहे आणि किलकिल्या डोळ्यांनी पाहिलं तर तिचा टोन उजेडातल्या सावळ्या गालाच्या टोनजवळ येऊन पोचतो. पांढरी टोपी आणि सावळा गाल एकाच टोनचे, हे मनाला पटत नाही. डोळ्याला मात्र तसंच दिसतं. व्यक्तिचित्र शिकणं म्हणजे अशा प्रत्येक ठिकाणी मनाऐवजी डोळ्यावर विश्वास ठेवायला शिकणं.

चेहऱ्याचे पैलू

मग डाग टाकायचे कुठे? त्याचं उत्तर कातडीखालच्या कवटीत आहे. चेहरा गोल दिसला तरी तो अनेक छोट्या-मोठ्या पृष्ठभागांनी बनलेला असतो. चित्रकार त्यांना ‘प्लेन’ म्हणतात. आपण पैलू म्हणू. प्रत्येक पैलू उजेडाकडे वेगळ्या कोनात वळलेला असतो. उजेडासमोर असलेला पैलू सर्वांत उजळ, तिरका वळलेला मधला, पाठमोरा गडद. कोन बदलला की टोन बदलतो.

नाकाचं उदाहरण घ्या. त्याचे ढोबळमानाने चार पैलू : वरची दांडी, दोन बाजू आणि नाकपुड्यांचा खालचा भाग. उजेड डावीकडून वरून येत असेल तर दांडी उजळ, डावी बाजू मधली, उजवी बाजू गडद आणि खालचा भाग सर्वांत गडद. चार टोन, चार फटकारे, आणि नाक उभं राहतं. त्याभोवती रेघ काढावी लागत नाही.

ओठांचंही तसंच. वरचा ओठ खालच्या दिशेने कललेला असतो, त्यामुळे वरून येणारा उजेड त्याला कमी मिळतो आणि तो गडद दिसतो. खालचा ओठ वर वळलेला, म्हणून उजळ. त्याच्याखाली पुन्हा एक खळगी आणि तिच्यात सावली. कपाळाला समोरचा एक आणि कानशिलाकडे वळणारे दोन पैलू असतात. गालाचं हाड जिथे वळतं तिथे टोन झपकन बदलतो. वयस्कर माणसाचा चेहरा नवशिक्याला सोपा जातो तो यामुळेच. त्याचे पैलू ठळक असतात. लहान मुलाच्या गुबगुबीत गालावर टोन इतक्या हळू सरकतात की अनुभवी हातालाही जड जातं.

एक फटकारा, चार उत्तरं

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. कॅनव्हासवर टेकवलेला प्रत्येक फटकारा एकाच वेळी चार प्रश्नांची उत्तरं देत असतो : टोन किती, रंग कोणता, पैलू कोणत्या दिशेला वळलाय आणि त्याची कड टणक की मऊ. ही चारही उत्तरं ब्रश उचलण्याआधी ठरलेली असतील तर फटकारा बोलतो. ठरलेली नसतील तर हात कॅनव्हासवरच विचार करत फिरतो आणि रंग चिवडला जातो.

अंगण सारवताना जे घडतं ते इथे तंतोतंत लागू पडतं. सराईत बाईचा हात एकदा फिरतो तो फिरतो. तळव्याची कमान शेणावर जशीच्या तशी उमटते, दिशा आणि दाब दोन्ही दाखवत. अर्धवट वाळलेल्या जागी पुन्हा हात घातला की पापुद्रा निघतो आणि डाग पडतो. म्हणून ती आधी नजरेने जागा ठरवते आणि मग हात टेकवते. फटकाऱ्यांचं व्यक्तिचित्र याच शिस्तीवर उभं असतं : ठेवा आणि सोडा.

पुन्हा पुन्हा ब्रश फिरवल्याने रंग का मरतो, हेही समजून घ्यायला हवं. ओल्या रंगावर दुसरा रंग घासला की ब्रश खालचा रंग उचलून वरच्यात मिसळतो. उजळात गडद जातो, गडदात उजळ. दोघेही मधल्या टोनकडे सरकतात. नितळ नारिंगी आणि थंड करडा एकत्र घोटले की बेरंगी मातकट छटा उरते. शेजारीशेजारी ठेवलेले दोन वेगळे फटकारे मात्र आपापला रंग राखून असतात. म्हणून ब्रश हलका धरायचा, त्यावर रंग भरपूर घ्यायचा, एक फटकारा टाकायचा, गरज असेल तर ब्रश पुसायचा आणि पुन्हा रंग घ्यायचा. ब्रश पेन्सिलीसारखा टोकाशी धरला तर फक्त बोटं हलतात आणि बारीक रेघोट्या निघतात. दांड्याच्या मागच्या बाजूला धरला तर खांद्यापासून हात फिरतो आणि फटकारा मोकळा येतो.

फटकाऱ्याची दिशा पैलूच्या वळणाला धरून असावी. गालाच्या हाडावरून खाली उतरणारा फटकारा गालाचा उतार सांगतो. कपाळावरून आडवा जाणारा फटकारा कपाळाची गोलाई सांगतो. सगळे फटकारे एकाच दिशेने मारले तर चेहऱ्यावर पाऊस पडल्यासारखं दिसतं आणि घडण हरवते.

काय गाळायचं हाही निर्णयाचाच भाग आहे. रामनवमीच्या यात्रेला पोहरादेवीत येणाऱ्या बंजारा आजींच्या पारंपरिक पोशाखावर शेकडो आरसे, कवड्या आणि टाके असतात. प्रत्येक आरसा रंगवायला घेतला तर सगळं चित्र आरशांचंच होईल आणि आजींचा चेहरा मागे पडेल. डोळे किलकिले करून पाहिलं तर त्यांतले मोजकेच आरसे उजेड पकडून चमकत असतात. बाकीचे कापडाच्या लालीत मिसळून गेलेले असतात. चमकणाऱ्यांपुरते जाड रंगाचे ठिपके टेकवायचे आणि बाकीच्या ठिकाणी लालच्याच दोन-तीन छटांचे तुटक फटकारे टाकायचे. पाहणाऱ्याला शेकडो आरसे दिसतात.

कुठे कड, कुठे विरघळ

फटकारे दिसले म्हणून चित्र ओबडधोबड होत नाही. त्यात कडांचं नियोजन लागतं. कड म्हणजे दोन टोन जिथे भेटतात ती हद्द. ती टणक, मऊ किंवा पूर्ण हरवलेली असू शकते.

यामागे साधं भौतिकशास्त्र आहे. सूर्य आपल्याला आकाशात जेमतेम अर्ध्या अंशाएवढा दिसतो. इतक्या लहान उगमातून येणाऱ्या उजेडाची सावली धारदार पडते. उघडं दार किंवा खिडकी हा मोठा उगम, त्यामुळे त्याची सावली कडेला मऊ होत जाते. शिवाय सावली वस्तूला चिकटून असते तिथे टणक आणि दूर जाईल तशी मऊ होते. नाकाची सावली नाकपुडीजवळ कापल्यासारखी असते आणि गालावर पोचेपर्यंत विरलेली असते. नाकपुडीपाशी फटकारा स्वच्छ ठेवायचा आणि पुढे कोरड्या ब्रशने एकदाच हलकेच ओढायचा. काळे केस गडद पार्श्वभूमीवर असतील तर त्यांची कड हरवू द्यायची. तिथे रेघ मारली तर डोकं कात्रीने कापून चिकटवल्यासारखं दिसतं. सर्वांत टणक कडा आणि सर्वांत तीव्र फरक डोळ्यांच्या आसपास राखून ठेवले की पाहणाऱ्याची नजर तिथेच जाते.

सावळ्या कांतीतले रंग

‘स्किन कलर’ असं लिहिलेली ट्यूब दुकानात मिळते, पण त्या एका रंगाचा चेहरा जगात कुठेच नाही. उजेड त्वचेच्या वरच्या थरांत शिरतो, आत विखुरतो आणि रक्ताचा, रंगद्रव्याचा रंग घेऊन बाहेर येतो. पाठीमागून ऊन आलं की कानाची पाळी लालभडक दिसते ती यामुळे. कपाळावर कातडीखाली लगेच हाड असतं, तिथे पिवळसर झाक येते. नाक, गाल, कान या भागांत रक्तवाहिन्यांची दाटी, तिथे लाली. पुरुषाच्या हनुवटीवर दाढीच्या खुंटांमुळे करडी-हिरवट छटा.

त्यावर भर म्हणजे चकाकी. कपाळावरच्या किंवा नाकाच्या शेंड्यावरच्या चकाकीला त्वचेचा रंग नसतो. तो उजेड त्वचेत न शिरता वरच्या घामा-तेलाच्या थरावरूनच परततो, म्हणून त्याला उजेडाचाच रंग असतो. उघड्या आकाशाकडे दार असेल तर सावळ्या कपाळावरची चकाकी निळसर दिसते. हा एक निळसर फटकारा बरोबर बसला की चेहरा एकदम खरा वाटू लागतो. त्वचेच्या रंगात नुसता पांढरा घालून उजळ करत गेलं तर ती पिठूळ होते.

रंगांची भलीमोठी पेटी यासाठी लागत नाही. स्वीडनचे चित्रकार आंदेर्स झोर्न (१८६०–१९२०) यांच्या नावाने ओळखली जाणारी रंगयोजना चारच रंगांची आहे : पांढरा, पिवळी माती म्हणजे यलो ऑकर, शेंदरी लाल आणि काळा. यात निळा नाही. पण ऊबदार रंगांशेजारी काळा-पांढरा मिसळून केलेला करडा निळसर भासतो आणि काम भागतं. नवशिक्याने या चार रंगांवर बराच काळ राहावं. रंग कमी असले की लक्ष आपोआप टोनकडे जातं.

जवस, हवा आणि ब्रशची खूण

फटकारा कॅनव्हासवर टिकून राहतो तो रंगाच्या गुणामुळे. तैलरंग म्हणजे रंगाची बारीक पूड आणि तेल यांचं घोटलेलं मिश्रण. हे तेल बहुतेक वेळा जवसाचं असतं. विदर्भात रब्बीला येणारं आणि घरोघरी ज्याची चटणी होते ते हेच जवस. शेंगदाण्याचं तेल महिनोन्‌महिने उघडं ठेवलं तरी वाळत नाही, जवसाचं वाळतं. कारण त्यातल्या तेलाम्लांचे रेणू हवेतला प्राणवायू घेऊन एकमेकांशी जोडले जातात आणि त्यांचं चिवट जाळं तयार होतं. पाणी उडून जातं तसं तेल उडून जात नाही. उलट प्राणवायू शोषल्याने वाळताना त्याचं वजन थोडं वाढतं. चित्रकारांसाठीचं तेल शुद्ध केलेलं असतं, स्वयंपाकघरातलं त्यासाठी वापरू नये.

या सावकाश वाळण्यातून दोन गोष्टी निघतात. एक, चित्र कित्येक तास ओलं राहतं, त्यामुळे एकाच बैठकीत फटकाऱ्यांशेजारी फटकारे ठेवत चेहरा पूर्ण करता येतो. दोन, थरांचा क्रम सांभाळावा लागतो. खालचा थर पातळ आणि कमी तेलाचा, वरचे थर जाड आणि जास्त तेलाचे. उलट केलं तर वरचा थर आधी आखडतो, खालचा नंतर हलतो आणि चित्राला भेगा जातात. दाट रंग ब्रशने ढकलला की सरकतो आणि ब्रश उचलला की जागच्या जागी थांबतो, म्हणून केसांच्या चऱ्या तशाच राहतात.

ॲक्रिलिक रंगात पाणी उडून रंग वाळतो. वाशिमच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा ॲक्रिलिक पॅलेटवरच काही मिनिटांत आखडतं. अशा दिवसांत पॅलेटवरच्या कागदाखाली ओलं फडकं ठेवावं आणि थोडाथोडा रंग काढावा, नाहीतर काम पहाटे करावं. शाळकरी मुलांकडे असलेल्या पोस्टर रंगांनीही हा अभ्यास होतो; रंग दाट ठेवायचा एवढंच.

वत्सगुल्म ते मुंबई, इंदूर

फटकाऱ्यांनी घडण दाखवण्याची विद्या परदेशातूनच आली असा समज असेल तर तो सोडून द्यावा. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेतल्या हरिषेण राजाच्या काळात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, अजिंठ्याच्या अनेक लेण्यांचं काम झालं. सोळाव्या क्रमांकाचं लेणं त्याचा मंत्री वराहदेव याने कोरवून घेतलं, असं तिथला शिलालेख सांगतो. सतरावं त्याच्या एका मांडलिक राजाने. तिथल्या भित्तिचित्रांत चेहऱ्याची गोलाई गडद-उजळ छटांनी आणली आहे. काही चेहऱ्यांवर नाकाच्या दांडीवर, ओठावर, हनुवटीवर उजळ रंगाचे स्पर्श दिलेले दिसतात. अशा छटाकामाला आपल्या चित्रशास्त्रात ‘वर्तना’ म्हणतात. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्राने तिचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांतल्या पत्रजा वर्तनेत पानासारख्या रेघांनी आणि बिंदुजा वर्तनेत ठिपक्यांनी छटा आणायची. तिसरा प्रकार अगदी सूक्ष्म छटेचा. ब्रशच्या खुणेचा आकार हा विचार करण्याचा विषय आहे, हे त्या शास्त्रकारांना पक्कं ठाऊक होतं.

मुंबईत १८५७ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं आणि तैलरंगातलं पाश्चात्त्य व्यक्तिचित्रण मराठी मुलखात रुजलं. याच संस्थेच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून पुढे तेरा वर्षं विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. म. वि. धुरंधर, गोव्याचे ए. एक्स. त्रिंदाद, सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर ही या परंपरेतली मोठी नावं. हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं प्रसिद्ध चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. ते जलरंगात आहे, आणि पारदर्शक जलरंगात टाकलेला फटकारा झाकता येत नाही.

जाड आणि तुटक फटकाऱ्यांची शैली ठसठशीतपणे बहरली ती इंदूरला. तिथे द. दा. देवळालीकर यांनी १९२७ मध्ये चित्रकला शिक्षणसंस्था उभी केली. ते स्वतः जे. जे.मध्ये शिकलेले. युरोपातल्या दृकप्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट) चित्रकारांप्रमाणे रंग न घोटता शेजारीशेजारी ठेवायला त्यांनी विद्यार्थ्यांना प्रोत्साहन दिलं. ना. श्री. बेंद्रे, विष्णू चिंचाळकर, एम. एफ. हुसेन हे तिथेच घडले. युरोपात या पद्धतीला दोन साध्या वस्तूंनी हातभार लावला होता : एकोणिसाव्या शतकात धातूच्या पट्टीत केस बसवून केलेले चपटे ब्रश आणि १८४१ मध्ये जॉन रँड यांनी पेटंट घेतलेली दाबून रंग काढायची ट्यूब.

आजच्या काळातलं नाव घ्यायचं तर वासुदेव कामत. पत्नीच्या व्यक्तिचित्रासाठी त्यांना पोर्ट्रेट सोसायटी ऑफ अमेरिकेचा २००६ सालचा ड्रेपर पुरस्कार मिळाला. त्यांच्यासारख्यांची प्रात्यक्षिकं पाहणं हा मोठा धडा असतो. कोऱ्या कॅनव्हासवर पहिला डाग कुठे पडतो, चित्रकार किती वेळा मागे सरकतो आणि किती वेळ नुसता पाहत राहतो, यावर लक्ष ठेवावं.

चौकट : पहिल्या काही महिन्यांचा सराव

• उजेड एकच ठेवा. उत्तरेकडच्या दारातून येणारा उजेड दिवसभर फारसा बदलत नाही. भर दुपारी कोणाला अंगणात बसवू नका. मे महिन्याच्या २०-२२ तारखेच्या आसपास वाशिममध्ये सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर येतो आणि डोळ्यांच्या खोबणीत नुसता काळोख उरतो.
• आधी पांढरा, काळा आणि मधल्या तीन करड्या छटांची पट्टी करा. मग फक्त काळ्या-पांढऱ्यात चेहरे करा.
• सर्वांत मोठा चपटा ब्रश घ्या, एक इंचाचा चालेल. बारीक ब्रश बाजूला ठेवून द्या.
• मोठे भाग आधी, डोळे-ओठ नंतर, चकाकी सर्वांत शेवटी.
• फटकारे ठरवून घ्या : आज पन्नासांत चेहरा बसवायचा, उद्या तिसांत.
• दर चार-पाच फटकाऱ्यांनंतर मागे सरका आणि डोळे किलकिले करून पाहा.
• टोन चुकला तर घासत बसू नका. पॅलेट नाइफने रंग खरवडून काढा आणि नव्याने ठेवा.
• अर्ध्या तासात थांबा. बसणाऱ्यालाही विश्रांती हवी.

साम्य कुठून येतं?

शेवटचा प्रश्न सगळ्यांना पडणारा. एवढे ढोबळ फटकारे असूनही चेहरा त्याच माणसाचा कसा दिसतो? पापण्यांच्या केसांमुळे साम्य येत नाही. ते येतं अंतरांमुळे आणि आकारांमुळे. दोन डोळ्यांमधलं अंतर, नाकाच्या बुडापासून ओठापर्यंतची जागा, खोबणीतल्या सावलीचा नेमका आकार, मान खांद्यावर बसण्याचा कल. या गोष्टी पहिल्या दहा-पंधरा फटकाऱ्यांतच ठरून जातात. त्या चुकल्या तर नंतर कितीही बारीक काम केलं तरी माणूस दुसराच राहतो. त्या जमल्या तर चित्र अर्ध्यावर सोडलं तरी घरातलं लहान मूल ‘ही आजी’ म्हणून बोट दाखवतं.

म्हणून दिसणारा फटकारा हा घाईचा किंवा निष्काळजीपणाचा पुरावा समजू नये. तो चित्रकाराने आपलं पाहणं न लपवता मांडल्याची खूण आहे. गुळगुळीत चित्रात चूक घोटून झाकता येते; इथे प्रत्येक निर्णय उघड्यावर असतो. ही विद्या शिकायला मोठ्या शहराची किंवा महागड्या सामानाची अट नाही. दाराचा उजेड, चार रंग, प्रायमर लावलेला हार्डबोर्डचा तुकडा आणि अर्धा तास बसायला तयार असलेलं घरातलं माणूस एवढं पुरतं. त्याची परवानगी घ्या, चित्र कसंही झालं तरी त्याला दाखवा, मागे तारीख घाला आणि पुढच्या आठवड्यात त्याच माणसाला पुन्हा बसवा. त्याच चेहऱ्यात या वेळी आधी न दिसलेले टोन दिसू लागतील, आणि तुमची नजर तयार होतेय याचा त्याहून भरवशाचा पुरावा दुसरा नाही.